‘९५ टक्के विश्वास’ नेमका कशावर?

विचारणा अशी आहे: ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत सरासरीचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे नमुन्यावरून खऱ्या सरासरीसाठी काढलेला दोन आकड्यांमधला पट्टा, काढला. मराठी अहवालात ‘खरी सरासरी या दोन आकड्यांमध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के’ असं लिहावं का? आणि शब्द कोणता घ्यावा, विश्वास-अंतराळ की विश्वासमर्यादा?

शब्दाचं चटकन सांगतो. ‘अंतराळ’ म्हटलं की वाचक थेट यानात जाऊन बसतो. मी दोन टोकांना ‘विश्वासमर्यादा’ म्हणेन. ‘मध्य’ऐवजी ‘सरासरी’च ठेवा, शाळेतल्या ‘मध्य’ (सरासरी) आणि ‘मध्यक’ (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) यांत निम्मे लोक अजून अडखळतात.

घोळ आहे तो ‘शक्यता’मध्ये. ‘आर’सोबतच येणारी ‘स्लीप’ ही विदा घ्या. संख्याशास्त्रज्ञ विल्यम गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ साली वापरलेले हे आकडे: १० रुग्ण, दोन औषधं, प्रत्येकाची वाढलेली झोप. जोडीने टी-चाचणी (एकाच रुग्णावरच्या दोन औषधांतला फरक घेऊन केलेली, छोट्या नमुन्यासाठीची चाचणी) लावली की फरकाची सरासरी १.५८ तास येते आणि मर्यादा ०.७० ते २.४६. आता खरा फरक, तो जो काही असेल तो, या दोन आकड्यांच्या मध्ये आहे किंवा नाही. तो हलत नाही. हलतात त्या मर्यादा: दुसरे १० रुग्ण घेतले असते तर त्या दुसरीकडे पडल्या असत्या. असे नमुने पुन्हापुन्हा घेतले तर साधारण १०० पैकी ९५ वेळा मर्यादांच्या आत खरी सरासरी सापडेल, एवढाच संख्याशास्त्रज्ञ जेर्झी नेमन यांच्या १९३७ च्या मांडणीचा दावा. म्हणजे ९५ हा आकडा रीतीचा, हाती आलेल्या जोडीचा नव्हे. म्हणून ‘शक्यता ९५ टक्के’ लिहू नका; ‘९५ टक्के खात्री’ही त्याच कारणाने नको.

मग लिहायचं कसं? ‘फरकाची सरासरी १.५८ तास, ९५ टक्के विश्वासमर्यादा ०.७० ते २.४६ (टी-वितरण, १० रुग्ण).’ बस. क्रियापदच नाही, त्यामुळे चुकायला जागा नाही.

एक्सेल वापरणाऱ्यांसाठी पुरवणी. तिथलं ‘कॉन्फिडन्स डॉट टी’ हे फंक्शन मर्यादा देत नाही, फक्त अर्धी रुंदी देतं, इथे ०.८८. ती सरासरीतून वजा करायची आणि तिच्यात मिळवायची. त्याच्या शेजारचं ‘कॉन्फिडन्स डॉट नॉर्म’ घेतलंत तर ०.७६ मिळेल आणि मर्यादा उगाच आखडतील. १० जणांच्या नमुन्यावरूनच प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) काढलेलं असताना ते वापरू नये.