कमरेतलं हाड घ्यायचं की तयार दाणे भरायचे?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या नडगीचं हाड सळई घालून दहा महिने झाले तरी जुळलेलं नाही. डॉक्टर कमरेतलं हाड काढून तिथे भरायचं म्हणतात, आणि कृत्रिम हाडाचे तयार दाणे मिळत असताना दुसरी जखम कशाला, हा तुमचा प्रश्न. हाडांच्या शस्त्रक्रिया करण्यात माझी बरीच वर्षं गेली. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो आणि तो रास्त आहे.

‘हाड भरणं’ या शब्दामुळे घोटाळा होतो. ग्राफ्ट, म्हणजे तिथे भरलेलं हाड किंवा दाणे, हळूहळू विरघळावा आणि त्याच्या जागी शरीराने स्वतःचं हाड घडवावं, यासाठी तो घालायचा असतो. त्याला सांगाडा लागतो, ‘इथे हाड बनवा’ असा इशारा देणारी प्रथिनं लागतात आणि हाड बनवणाऱ्या जिवंत पेशी लागतात. कमरेच्या हाडात हे तिन्ही मिळतं. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट किंवा हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचे दाणे म्हणजे नुसता सांगाडा. दुसऱ्या माणसाने दान केलेल्या हाडावर प्रक्रिया करताना त्यातल्या पेशी मरतात. इशारा थोडाफार शिल्लक राहतो. खनिजं काढून टाकलेलं हाड स्नायूत ठेवलं तरी तिथे नवं हाड तयार होतं, हे अमेरिकेतले हाडांचे सर्जन मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्येच दाखवलं होतं.

दाणे निरुपयोगी नाहीत. गुडघ्याच्या सांध्यालगतचं हाड चेपलं की ते वर उचलल्यावर खाली पोकळी राहते. भोवती स्पंजसारखं, रक्ताने भरलेलं हाड असतं, तिथे दाणे उत्तम काम करतात. अशा वेळी मी कमरेला हातही लावत नाही. नडगीचा मधला भाग वेगळा. पुढून कातडीखाली लगेच हाड, रक्तपुरवठा मुळात बेताचा. दहा महिने थंड पडलेल्या त्या जागेला जिवंत पेशी द्याव्यात, असंच मलाही वाटतं. शिवाय हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट एक्स-रेत पहिल्या दिवसापासून पांढरं दिसतं, त्यामुळे हाड जुळल्याचा भास होतो.

कमरेची जखम काही आठवडे, क्वचित काही महिने दुखते. मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा येऊ शकतो. हे आधीच वडिलांना सांगा.

पण ग्राफ्ट कोणता याहून मोठा प्रश्न, हाड मुळात का जुळलं नाही? सुरुवातीच्या काळात मी एका रुग्णाला कमरेचा चांगला भरपूर ग्राफ्ट घातला आणि ढिली झालेली सळई तशीच ठेवली. सहा महिन्यांनी एक्स-रेत ग्राफ्ट जवळजवळ दिसेनासा झाला होता. ती चूक माझी होती, त्या माणसाला पुन्हा टेबलावर यावं लागलं. म्हणून विचारा: सळई बदलणार का, जाड घालणार का? जंतुसंसर्ग नाही याची खात्री केली का? आत पू असेल तर आधी तो साफ व्हायला हवा, नाहीतर कमरेचं हाड फुकट जातं.

वडील तंबाखू खात किंवा ओढत असतील तर आजच बंद. साखर आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. आणि अपघाताच्या वेळी हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं का, नंतर जखम कधी वाहिली का, ते कळवा. त्यावरून माझं उत्तर बदलू शकतं.