ओसाका ते कोबे: वरचा एक्सप्रेसवे घ्यावा की खालचा ४३ नंबर?

तुमचे प्रश्न दोन: भाड्याच्या गाडीने जाताना राष्ट्रीय मार्ग ४३ बरा की त्याच्या डोक्यावरून जाणारा टोलचा हानशिन एक्सप्रेसवे, आणि खालच्या एवढ्या ऐसपैस रस्त्यावर ताशी ४० च्या पाट्या कशाला?

नुसतं पोचायचं असेल तर गाडी नकोच. जेआर रेल्वेची जलद लोकल ओसाकाहून सान्नोमियाला, म्हणजे कोबेच्या मुख्य स्टेशनवर, वीस-बावीस मिनिटांत सोडते. गाडी हवीच असेल तर सरळ वरून जा. खाली जेमतेम ३० किलोमीटर अंतर आहे, पण सिग्नल संपता संपत नाहीत.

पाट्यांची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. हा रस्ता मुळात दहा पदरी होता, दोन्ही बाजूंना घरं, आणि ओसाका-कोबेच्या बंदरांचे ट्रक रात्रंदिवस चालू. त्यात वर उड्डाणमार्ग आला, म्हणजे आवाज आणि धूर दोन मजली. १९७६ साली काठच्या रहिवाशांनी सरकार आणि एक्सप्रेसवे महामंडळावर दावा लावला. तो चालला जवळजवळ वीस वर्षं. (आपल्याकडच्या कोर्टांना उगाच नावं ठेवतो आपण.) ७ जुलै १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाई मंजूर केली, वाहतुकीला आवर घालण्याची मागणी मात्र फेटाळली.

निकाल लागला तेव्हा वरचा रस्ता बंदच होता. त्याच वर्षी १७ जानेवारीच्या पहाटे भूकंपात कोबेच्या फुकाए भागात त्याचा ६३५ मीटरचा तुकडा खांबांसकट आडवा झाला होता. तो फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. रस्ता पूर्ण सुरू व्हायला सप्टेंबर १९९६ उजाडला.

खालचे पदर आता सहाच उरलेत. काढलेल्या जागेत झाडं लावली, आवाज अडवणाऱ्या भिंती उभ्या राहिल्या. अवजड गाड्यांनी घरांपासून लांब, मधल्या पदरातून जावं अशी सूचना असते. ट्रकवाल्यांनी समुद्राकडचा वांगान मार्ग धरावा म्हणून २००१ पासून तिथे त्यांना टोलमध्ये सवलत आहे. माझ्या मते खरा उतारा हाच. ताशी ४० च्या पाट्याही आवाज कमी व्हावा म्हणूनच. ती मर्यादा फारसं कोणी पाळताना दिसत नाही. तुम्ही मात्र पाळा, कॅमेरे आहेत.

आणि कोशिएन स्टेडियमवर बेसबॉलचा सामना असेल त्या संध्याकाळी तिकडे फिरकूच नका. ते या रस्त्याला अगदी खेटून आहे.