ड्राफ्टसाठी नाव देणे म्हणजे कॉलेज सोडणे नव्हे

प्रश्न : माझा मुलगा वीस वर्षांचा असून अमेरिकेतील एका विद्यापीठात पूर्ण शिष्यवृत्तीवर बास्केटबॉल खेळतो. शाळेची शेवटची दोन वर्षेही त्याने तिकडेच केली; आता एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर कॉलेजचे दुसरे वर्ष चालू आहे. एका एजंटने त्याला कॉलेज सोडून, एनबीए या अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत) उतरण्याचा आग्रह धरला आहे. त्याने चार पानांचा करार पाठवला असून 40,000 डॉलरची उचल देऊ केली आहे, आणि पहिला हप्ता सहीच्या आधीच पाठवायची तयारी दाखवली आहे. उचलीला जामीन म्हणून माझी सही मागितली आहे. सही करावी का? मुलाची निवड झाली नाही, तर त्याला परत शिकता येईल का? — एक पालक, पुणे

उत्तर : या कागदावर आपण सही करू नये आणि मुलालाही करू देऊ नये. मात्र याचा अर्थ त्याने ड्राफ्टचा विचारच सोडावा, असा नाही. ड्राफ्टसाठी नाव देणे, एजंट नेमणे आणि कॉलेज सोडणे ही तीन वेगवेगळी पावले आहेत. त्यांपैकी कोणते पाऊल कधीपर्यंत मागे घेता येते, याचे नियमही वेगळे आहेत. एजंटने या तिन्हींची मोट बांधून ती एका सहीत उरकायचे ठरवलेले दिसते.

ड्राफ्टमध्ये उतरण्याच्या हक्काबद्दल अडचण नाही. 2006 च्या ड्राफ्टपासूनच्या नियमानुसार खेळाडूला त्या वर्षात किमान 19 वर्षे पूर्ण होणार असावीत आणि शाळा संपल्यानंतर एनबीएचा एक हंगाम उलटलेला असावा. आपला मुलगा या दोन्ही अटींत बसतो. (एकेकाळी शाळेनंतर चार वर्षे थांबावे लागत असे. स्पेन्सर हेवूड या खेळाडूने 1971 मध्ये ती अट थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली, तेव्हा ती सैल झाली.) भारतीय नागरिक असल्यामुळे तो ‘आंतरराष्ट्रीय खेळाडू’ या वर्गात मोडतो, असे कोणी सांगितले असल्यास ते बरोबर नाही. ज्याने अमेरिकेत शाळा पूर्ण केली आणि तिथल्या कॉलेजात प्रवेश घेतला, त्याला तो वर्ग लागू होत नाही. त्याला मुदतीत लेखी अर्ज करूनच नाव द्यावे लागते.

दिलेले नाव परतही घेता येते, पण तिथे दोन तारखा आहेत आणि बहुतेक पालकांची गफलत तिथेच होते. एनबीएच्या नियमाप्रमाणे ड्राफ्टच्या दहा दिवस आधीपर्यंत नाव काढून घेता येते. कॉलेज स्पर्धांचे नियमन करणाऱ्या एनसीएएची मुदत मात्र त्याआधीच संपते. ती उलटून गेल्यावर नाव मागे घेतले तर एनबीएची हरकत नसते, परंतु कॉलेज संघाकडून खेळण्याची पात्रता सहसा जाते. म्हणून या वर्षीची एनसीएएची तारीख मुलाने विद्यापीठाच्या कंप्लायन्स ऑफिसकडून (क्रीडा नियमांचे पालन पाहणाऱ्या कार्यालयाकडून) ईमेलवर लेखी मागून घ्यावी. प्रशिक्षकाने तोंडी सांगितलेली तारीख चालणार नाही. एनबीएच्या अंडरग्रॅज्युएट अॅडव्हायझरी कमिटीकडून, आपण कितव्या फेरीत निवडले जाऊ शकतो याचा अंदाजही त्याच वेळी मागवावा.

आता कराराकडे वळू. तिसऱ्या पानावरील सातव्या कलमात ‘खेळाडूच्या सर्व प्रकारच्या उत्पन्नाच्या 10 टक्के’ असे शब्द आहेत. एनबीए खेळाडूंच्या संघटनेने खेळाच्या पगारावरील एजंटची फी जास्तीत जास्त 4 टक्क्यांपर्यंत बांधून दिलेली आहे, त्यामुळे हे कलम लिहिणारा माणूस त्या संघटनेचा मान्यताप्राप्त एजंट आहे का, हा पहिला प्रश्न उपस्थित होतो. नवव्या कलमानुसार मुलगा कॉलेजात परतल्यास संपूर्ण उचल व्याजासह तीस दिवसांत फेडायची आहे. ज्या निर्णयाला मुलाला मोकळीक हवी, नेमक्या त्याच निर्णयावर हा दंड आहे. मुलगा सज्ञान असल्याने आपल्या सहीची एरवी काहीच गरज नव्हती. ती मागितली आहे ती केवळ वसुलीसाठी पुण्यातला माणूस सापडावा म्हणून. शिवाय परदेशी व्यक्तीच्या लाभात दिलेला जामीन फेमा या परकीय चलनविषयक कायद्याच्या कक्षेत येतो, याकडे चार्टर्ड अकाउंटंटचे लक्ष वेधावे.

त्याहूनही गंभीर बाब सहीच्या आधी देऊ केलेल्या हप्त्याची आहे. ‘स्पार्टा’ या 2004 च्या अमेरिकी कायद्यानुसार करार होण्यापूर्वी विद्यार्थी-खेळाडूला किंवा त्याच्या निकटच्या व्यक्तीला एजंटने कर्जाच्या रूपानेसुद्धा काही देणे निषिद्ध आहे. करारामुळे पात्रता जाऊ शकते असा ठळक इशारा सहीच्या जागेलगत छापलेला असावा, आणि सही झाल्यावर 72 तासांत किंवा त्याआधी सामना असल्यास सामन्यापूर्वी, विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांना कळवावे, असेही तो कायदा सांगतो. आपण पाठवलेल्या चार पानांत तो इशारा कुठेच नाही. हप्ता खात्यात आलाच, तर तो खर्च न करता कंप्लायन्स ऑफिसला त्याच दिवशी कळवावे. एनसीएएच्या नियमांतही ड्राफ्टच्या प्रक्रियेत मान्यताप्राप्त एजंटशी लेखी करार करून, परतताना तो संपवण्याची सोय आहे. उचल घेण्याची नाही.

मुलाची घाई मला समजते. 1 जुलै 2025 पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात आणि पहिल्या वर्षी त्यासाठीची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर होती. शेजारच्या लॉकरमधला अमेरिकी मुलगा त्यातून कमावतो आणि आपल्या मुलाला, एफ-1 व्हिसावर परवानगीविना काम करता येत नसल्यामुळे, प्रत्येक जाहिरातीपूर्वी वकिलाला विचारावे लागते. अशा मुलाला व्यावसायिक करार हाच एकमेव सरळ मार्ग वाटावा, यात नवल नाही.

परंतु त्याच व्हिसामुळे त्याने कॉलेज सोडण्याची घाई करू नये. पदवीनंतर एफ-1 विद्यार्थ्याला अमेरिका सोडण्यासाठी 60 दिवस मिळतात. मध्येच, विद्यापीठाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने नाव काढले तर फक्त 15 दिवस मिळतात, आणि परवानगीविना सोडले तर एकही नाही. व्यावसायिक खेळण्यासाठी लागणारा पी-1 व्हिसा त्याला करारबद्ध करणाऱ्या संघाने मागायचा असतो. संघच नसेल तर अर्जही नाही. म्हणून मुलाने चालू सत्राच्या परीक्षा द्याव्यात. ड्राफ्ट जूनमध्ये होतो आणि पुढच्या सत्राला नाव नोंदवण्याचा इरादा असलेला विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुटीत कायदेशीररीत्या तिथे राहू शकतो. निवड झाली नाही तरी विद्यार्थी म्हणून परत येण्याला आडकाठी नाही. फक्त खेळाची पात्रता गेल्यावर शिष्यवृत्तीही गेली, तर आय-20 साठी (विद्यार्थी व्हिसाला लागणाऱ्या विद्यापीठाच्या प्रमाणपत्रासाठी) फी भरण्याची ऐपत आपल्यालाच दाखवावी लागेल, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नातला खरा धोका हा आहे.

कॉलेज सोडावे कधी, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. पहिल्या फेरीतील तीस जणांत निवड होण्याची खात्रीलायक चिन्हे असतील तर जावे, कारण तिथे पगार ठरलेल्या श्रेणीनुसार असतो आणि पहिल्या दोन वर्षांची हमी असते. दुसऱ्या फेरीत तशी हमी नसते. जे पदरात पडेल ते वाटाघाटीवर अवलंबून. पुष्कळांच्या वाट्याला टू-वे करार (एनबीए संघ आणि खालच्या लीगमधला त्याचा संघ अशा दोन्हीकडे खेळण्याचा करार) येतो, त्याचा पगार नवोदिताच्या किमान पगाराच्या निम्मा असतो आणि एनबीएचे जास्तीत जास्त 50 सामने खेळता येतात. 2015 मध्ये सतनाम सिंग भामरा याची डॅलस मॅव्हरिक्सने 52 व्या क्रमांकावर निवड केली तेव्हा आपल्याकडे पेढे वाटले गेले, पण एनबीएच्या नियमित हंगामातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

एजंटला सध्या एवढेच लिहावे की कागद वकिलाकडे आहेत आणि कोणतीही रक्कम पाठवू नये. मला शिष्यवृत्तीचे पत्र आणि मुलाच्या आय-20 ची प्रत पाठवावी. शिष्यवृत्ती एकेका वर्षाची आहे की अनेक वर्षांची, हे त्या पत्रातच लिहिलेले असते.