डाकोटाचा फोटो नंतर, आधी आवाज ऐक

अरे, जुन्या विमानांची उड्डाणं बघायला जातोयस म्हणून सांगतो. लोहगावला रोज सुखोई जेट डोक्यावरून जातात, त्यामुळे पुण्यातल्या पोरांना जुनी विमानं संथ वाटतात. त्यांचा आवाज मात्र विसरता येत नाही.

२०१८ च्या वायुसेना दिनाला दिल्लीजवळच्या हिंडन हवाईतळावर डाकोटा हे जुनं वाहतूक विमान आलं, तेव्हा मी कॅमेरा खाली घेतला. पंख्याच्या दोन इंजिनांची ती जड, भरीव घरघर आधी छातीत जाणवली, मग विमान दिसलं. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख पलटणीचे जवान याच जातीच्या विमानांतून श्रीनगरला उतरले होते. माझे डोळे भरून आले, खरं सांगतो.

फोटो काढायचाच तर शटरचा वेग १/१२५ सेकंदाच्या आसपास ठेव. जेटसारखं १/१००० ठेवलंस तर पंखा गोठलेला दिसतो, जणू इंजिन बंद पडलंय. इतक्या संथ शटरला हात हलतो, दहातले आठ फोटो वाया जातात, जाऊ देत. आधी टेकडीवर घारींवर सराव कर.

टोपी, पाणी घे. आणि त्याच रात्री वहीत लिही: ऊन कुठून होतं, शेजारचे आजोबा काय म्हणाले. मी पहिल्या वेळी लिहिलं नाही, ती हळहळ अजून आहे.