सुतळीच्या गाठी आणि पाचशे शब्द

(पत्र थोडक्यात देते आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.)

"मावशी, मी बीड जिल्ह्यातला. पुण्यात एस.वाय. बी.एस्सी.ला आहे, हॉस्टेलवर राहतो, 'कमवा व शिका'मध्ये सकाळी बागेत काम करतो. आई-वडील ऊसतोडीला जातात. दसरा झाला की निघतात ते हंगाम संपून पट्टा पडल्यावरच परत. मला आणि बहिणीला आजीनं वाढवलं. एका ट्रस्टच्या स्कॉलरशिपसाठी 'माझी जडणघडण, माझा स्वभाव आणि माझी मूल्यं' यावर पाचशे शब्द लिहायचे होते. रूममेटनं लिहिलं, त्याचे बाबा रोज रात्री त्याला गोष्ट वाचून दाखवायचे, जेवताना घरात चर्चा व्हायच्या. माझ्याकडे असं काहीच नव्हतं. मग मीही तसंच लिहिलं. वडील बागायतदार, घरात पुस्तकं, रात्री महाराजांच्या गोष्टी. वर्गात तर पहिल्या वर्षापासून हेच सांगितलंय. अर्ज गेला, आता पंधरा दिवसांनी मुलाखत आहे. रूममेट म्हणतो, दिवाळीत तुमचा मळा बघायला येतो. मी कमी बोलतो. बोललो की तोंडातून 'का'च्या जागी 'कामून' निघतं आणि पोरं हसतात. मला पर्सनॅलिटीच नाही असं वाटतं. घरच्यांनी मला काय संस्कार दिले, हेच कळत नाही. काय करू?

ता. क. बहीण नववीत आहे. आजी म्हणते, यंदा तिचं उरकून टाकू."

बाळा,

तू शेवटी लिहिलंस ते मी आधी घेते. मुलाखत पंधरा दिवसांवर आहे, पण दसरा त्याच्याही आधी आहे, आणि एकदा गाडी निघाली की घरात बोलायला कुणी उरणार नाही. आजच्या आज घरी फोन कर.

आजीवर ओरडू नकोस. तिचं मन मला कळतं. सहा महिने लेक-सून घरात नाहीत, स्वतःचे हातपाय थकलेले, आणि वयात आलेली पोर सांभाळायची. लग्न लावलं की जबाबदारी उतरली, एवढाच तिचा हिशोब. आणि पलीकडच्या घराचा हिशोब तुला मी सांगायला नको. मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, उचल म्हणून आगाऊ पैसे देतो ते जोडप्यावर, एक कोयता म्हणजे नवरा-बायको. पोराचं लग्न झालं की त्या घरातून एक कोयता वाढतो. तुझ्या बहिणीच्या वयाच्या किती पोरी अशा कोयत्याला लागल्या, ते तू गावात मोजू शकशील.

तेव्हा आजीशी बोलायचं ते तिच्या भीतीविषयी. पोरगी हंगामात कुठं राहील, याचं उत्तर तिच्या हातात दे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी समाजकल्याण खात्याची संत भगवानबाबा वसतिगृहं तुमच्या जिल्ह्यात सुरू झाली आहेत. ते जमलं नाही तर हंगामी वसतिगृहाचं काय, हे तिच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना विचार. ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र ग्रामसेवकाकडून काढून घ्यायला वडिलांना सांग, आणि ते गाडीत बसायच्या आधी. वडिलांशी वेगळं बोल. पोरगी अठरा वर्षांची होईपर्यंत लग्न नाही, २००६चा कायदा आहे, लग्न ठरवणारे आणि लावणारे दोघंही त्यात अडकतात, हे त्यांना शांतपणे सांग. आणि बोलूनही घर ऐकत नसेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन कर. गावात बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकाचीच असते. घरच्यांविरुद्ध गेल्यासारखं वाटेल, मला माहीत आहे. तरीही कर. आणि बहिणीला स्वतः विचार, तुला काय हवंय. तुझ्या पत्रात ती काय म्हणते, याची एकही ओळ नाही.

आता तुझं.

तू लिहितोस, सांगण्यासारखं काहीच नाही. पण तुझ्या पत्रात एक प्रसंग आहे. वर छापताना मी तो मुद्दाम वगळला, कारण त्यावर मला सावकाश बोलायचं होतं. तू चौथीत होतास. आजी आजारी होती म्हणून तो एक हंगाम आई-वडिलांनी तुलाही उसाच्या फडावर नेलं. मध्यरात्री गाडी भरायला आई-वडील गेले की तू कोपीत, त्या तात्पुरत्या झोपडीत एकटा, बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज. वडिलांना अक्षर येत नव्हतं. कामाला जाता आलं नाही त्या दिवसाची ते कोपीच्या मेढीला बांधलेल्या सुतळीला एक गाठ मारायचे. पट्टा पडला तेव्हा मुकादमानं वही काढली, ती तू वाचून दाखवलीस. वहीत चार खाडे, सुतळीला दोन गाठी. वडील भांडायला उठले. तू हळूच त्यांच्या कानात म्हणालास, "एकच सांगा." आणि ते सगळ्यांसमोर म्हणाले, "दोन हायेत तर दोनच. एकाचं खोटं बोललो तर आपल्या खऱ्याला बी कुणी इचारणार न्हाई."

मुकादमानं शेवटी दोन खाडे कापले. तू हे चार ओळींत उरकलंस आणि पुढच्या ओळीत लिहिलंस, "बाकी वडील मला कधी काही शिकवल्यासारखं बोलल्याचं आठवत नाही."

बाळा, ज्या माणसाकडे वही नाही, पावती नाही, वशिला नाही, त्याच्याकडे त्याचा शब्द तेवढा असतो. तो खोटा ठरला तर पुढच्या हंगामात त्याच्या गाठी कोण मोजणार? तुझ्या वडिलांनी हे हिशोबाच्या जागी उभं राहून, पैसे जात असताना दाखवलं. रूममेटच्या बाबांनी गोष्टी वाचून दाखवल्या, चांगलंच केलं, त्या पोराचं नशीब मोठं. पण मूल्यं म्हणून जे काही विचारतात ते घरोघरी वेगळ्या रूपात असतं, आणि तुझ्या घरात ते त्या सुतळीत होतं. अर्जात तू बागायतदार वडील आणलेस तेव्हा हा माणूस बाहेर काढलास. मला सगळ्यात लागलं ते हे.

मी हे वरून बोलत नाही. माझे बाबा लालबागला एका कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, मी तेव्हा कॉलेजात होते. संपाचं दुसरं वर्ष लागलं. बाबा सकाळी बाजारातून भाजी उचलून नाक्यावर बसायचे, आई हातशिलाईचं काम करायची. फीमाफीचा नाही, साधा ओळखपत्राचा फॉर्म होता. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी लिहिलं, 'नोकरी'. मैत्रिणींच्या हातात फॉर्म जाणार होता ना. खाली पालकांची सही हवी होती. बाबांनी चष्मा लावला, फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. बाबा मराठी पेपर रोज वाचणारे. काही बोलले नाहीत. सही केली, पेन बंद करून मला परत दिलं. पुढे वीस वर्षं ते होते. तो फॉर्म आमच्यात कधी निघाला नाही, आणि काढायचं धैर्य मला झालं नाही. आज तुझं पत्र वाचताना मला त्यांचा तो चष्मा लावलेला चेहरा दिसत होता.

तुला वेळ आहे. ट्रस्टच्या ऑफिसला फोन कर, ईमेलही कर. म्हण, अर्जातला निबंध मी खरा लिहिलेला नाही, मला तो बदलून द्यायचा आहे. ते म्हणतील की आता बदलता येणार नाही, तर मुलाखतीत बसल्या बसल्या, त्यांनी पहिला प्रश्न विचारायच्या आत सांग. स्कॉलरशिप हातची जाऊ शकते. मी तुला खोटा दिलासा देणार नाही, काही लोक खोटं लिहिलं एवढंच बघतात. गेली तर सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर तुला लागू होणाऱ्या शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहाच्या योजना आहेत, कॉलेजच्या ऑफिसात त्या बघणारा एक क्लार्क असतोच, त्याच्याकडे जाऊन बस. पण आत्ता मिळाली आणि तू गप्प बसलास, तर दरवर्षी तिचं नूतनीकरण करताना तुला तो बागायतदार पुन्हा उभा करावा लागेल.

नवा निबंध लिहिताना एक जप. आता उलट टोकाला जाऊन गरिबी मांडू नकोस. मुलाखत घेणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून आईच्या डोक्यावरची मोळी दाखवायची, हेही खोट्याच्याच जवळचं आहे. आई-वडील काय काम करतात ते साध्या शब्दांत लिही. कोयता किती वाजता सुरू होतो, फळीवरून मोळी ट्रकात कशी चढते, दिवसाला जोडीनं दीड-दोन टन ऊस कसा पडतो. हे काम कौशल्याचं आहे, ते माहीत असलेल्या माणसासारखं लिही. सुतळीचं लिही. तू त्या दिवशी 'एकच सांगा' म्हणालास, तेही लिही. आई-वडील नसलेले ते सहा महिने कसे जायचे, ते लिहावंसं वाटलं तर लिही. आजीनं माया केली तरी आई ती आई, याचा राग तुझ्यात कुठेतरी असणार. तो असण्यात काही पाप नाही. आणि बहिणीसाठी घरात बोललास तर तेही तुझ्याच मूल्यांत येतं. घरातलं सगळंच पुढे न्यायचं नसतं. वडिलांचा हिशोब घे, आजीचं ते 'उरकून टाकणं' तिथंच राहू दे. यातलं काय ठेवलंस आणि काय सोडलंस, हेच तर ते पाचशे शब्दांत विचारत आहेत.

स्वभावाचं फार मनावर घेऊ नकोस. दसऱ्यानंतर निम्मं रिकामं होणाऱ्या गावात, म्हाताऱ्या आजीजवळ वाढलेलं पोर बघणारं होतं, बोलणारं कमी. पर्सनॅलिटी म्हणून कॉलेजात जे शिकवतात ते बहुतेकदा हातवारे करून इंग्रजी बोलणं असतं. मुलाखतीपुरता त्याचा सराव कर, कामाला येतो. तेवढंच.

आणि 'कामून'. मराठीचे आद्यकवी म्हणून ज्यांचं नाव घेतात, त्या मुकुंदराजांची समाधी तुझ्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला आहे. संतकवी दासोपंतांची पासोडी, चाळीस फूट कापडावर ओव्या लिहिलेली, तीही तिथलीच. पुण्याची बोली पुस्तकात गेली म्हणून ती प्रमाण झाली. पेपरात प्रमाण मराठी लिही, ती यायलाच हवी. खोलीत 'कामून' म्हण, आणि कुणी हसलं तर अर्थ सांग.

'कमवा व शिका'चंही तू लपवत असशील असा मला संशय आहे, कारण पत्रात ते एका शब्दात आलं. त्या योजनेला कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव आहे. १९१९ला त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि त्यांच्या वसतिगृहातली पोरं हातानं राबून शिकली. सकाळी तू खुरपं घेऊन बागेत असतोस, ते रूममेटनं पाहिलं तर पाहू दे.

रूममेटला मात्र मुलाखतीच्या आधीच सांग. सगळ्या वर्गासमोर कबुलीजबाब द्यायची गरज नाही. जेवण झाल्यावर, खोलीत दोघंच असताना. "मी तुला खोटं सांगितलं होतं. आमचा मळा नाही. घरचे ऊसतोडीला जातात. मला लाज वाटली होती." एवढं बोलून थांब. तीनतीनदा माफी मागत बसू नकोस. तो चिडेल कदाचित, दोन दिवस अबोला धरेल. तो मित्र असेल तर बोलायला येईल.

त्याला दिवाळीत यायचंच असेल तर खरं काय ते सांग, की घरी त्या वेळी आजी आणि बहीणच असते. तिथं येऊ दे. मग पुढे आई-वडील ज्या फडावर असतील तिथंही घेऊन जा. ऊस बघायचा आहे ना त्याला, तिथं चिक्कार बघायला मिळेल. तिकडं दिवाळीच्या दिवशीही गाडी आली की भरावीच लागते, तुला ठाऊक आहे. तेव्हा जाताना आईसाठी थोडा फराळ बांधून ने, आणि बहीण वसतिगृहात असली तर आधी तिच्याकडे अर्धा देऊन जा.

तुझी,
मावशी