“ज्येष्ठ सर ऐकतच नाहीत”

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातल्या एका पदवी कॉलेजच्या प्राचार्य मॅडमची तक्रार होती, “आमचे एक ज्येष्ठ सर कुठलाच बदल मनावर घेत नाहीत. अंतर्गत गुण पोर्टलवर भरायलाही शेवटच्या दिवसापर्यंत टाळतात.” ही तक्रार बऱ्याच प्राचार्यांची असते.

सरांच्या बाजूनं बघा. कर्नाटकात २०२१-२२ पासून चार वर्षांच्या पदवीची रचना आली, आणि २०२४-२५ पासून राज्यानं पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. त्या वर्षी पहिल्या वर्षाला एक आराखडा, वरच्या वर्गांना दुसरा. मेहनतीनं बसवलेला विषयाचा पेपर असा हातातून जातो, तेव्हा माणूस पुढच्या परिपत्रकावर विश्वास ठेवत नाही. याला आडमुठेपणा म्हणणं अन्यायाचं आहे.

मी मॅडमना एवढंच सुचवलं: बैठकीत नको, एकट्यात विचारा, “सर, यात तुमचं नक्की काय जातंय?” दोन गोष्टी निघाल्या. आठवड्याला शिकवण्याचे १४ तास, म्हणजे वर्कलोड, भरेल का, ही एक. आणि गुण चुकले तर सगळ्यांसमोर नाव निघेल, ही दुसरी. दुसरीच जास्त बोचत होती.

त्यात आधी एक चूक झाली होती. तरुण गेस्ट लेक्चररला स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत सरांना “शिकवायला” बसवलं होतं. सर अर्ध्यातून उठून गेले.

मग कामं बदलली. सर हजेरीपटावरून नोंदणी क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे आणि गुण वाचणार, तरुण टाइप करणार. एका वेळी वीसच नावं, मग सेव्ह. त्यानंतर उलटं: टाइप करणारा पडद्यावरून वाचेल, सर पेन्सिलीनं टिक करतील. चुका बोटांनी कमी, यादीमुळे जास्त होतात: पटाचा क्रम आणि पोर्टलचा क्रम जुळत नाही, नाहीतर गैरहजराला शून्य पडतं. म्हणून अंतिम सबमिटआधी प्रिंट काढून दोघांच्या सह्या घ्यायच्या, आणि हे सगळं मुदतीच्या पाच दिवस आधी. शेजारी मराठीत हातानं लिहिलेला एक कागद, पण बटणांची नावं पडद्यावर दिसतात तशीच.

तिसऱ्या वीस नावांना सरांनीच कीबोर्ड पुढ्यात ओढला.

वर्कलोडचं मात्र “कुणाचं काही जाणार नाही” असं तोंडी सांगू नये. मॅडमनी प्रत्येकाच्या नावापुढे जुने तास, नवे तास असा तक्ता मांडला. सरांचे दोन तास अजून कमीच पडतात. ते त्यांना तक्त्यावर दाखवलं आहे, आणि पुढच्या सत्राचं वेळापत्रक त्यांच्यासोबत बसूनच करायचं ठरलंय.