जीसीचा टक्का उष्णतेवर ठरत नाही. मग कशावर ठरतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्वानिन-सायटोसिनच्या जोडीत तीन हायड्रोजन बंध असतात, ॲडेनिन-थायमिनच्या जोडीत दोन. म्हणजे ज्याला उष्णता सोसायची त्या जीवाच्या डीएनएत जीसी (ग्वानिन आणि सायटोसिन यांचं एकत्र प्रमाण) जास्त हवं. मग मलेरियाच्या फाल्सिपॅरममध्ये ते फक्त १९ टक्के आणि टीबीच्या जीवाणूत ६५ टक्के कसं? दोघेही माणसाच्याच अंगात राहतात.

शंका अगदी योग्य आहे, आणि ती आणखी पक्की करता येते. मलेरियाचा दुसरा परजीवी, व्हायवॅक्स, घ्या. तोही माणसाच्या रक्तात, तोही ॲनोफिलीस डासात, तोच ताप. त्याचं जीसी सुमारे ४२ टक्के. यजमान तोच, तापमान तेच, नातंही जवळचं, तरी दुपटीहून जास्त फरक! इथेच उष्णतेचा सिद्धांत लंगडा पडतो.

आता तो आला कुठून ते पाहू, कारण त्याचा अर्धा भाग खरा आहे. डीएनए द्रावणात तापवला की दोन धागे ठरावीक तापमानाला सुटतात. मार्मर आणि डोटी यांनी १९६२ साली दिलेलं सूत्र आजही शिकवतात: प्रमाणित क्षारद्रावणात ते तापमान म्हणजे ६९.३ अधिक जीसी टक्क्याच्या ०.४१ पट. फाल्सिपॅरमसाठी हे ७७ अंश सेल्सिअसच्या आसपास येतं, टीबीच्या जीवाणूसाठी ९६ च्या. जवळजवळ १९ अंशांचा फरक. परीक्षानळीत हे शंभर टक्के खरं आहे. मात्र त्याचं सगळं श्रेय तिसऱ्या हायड्रोजन बंधाला देऊ नका. दुहेरी सर्पिलाला मुख्य बळ मिळतं ते भाकरीच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या जोड्यांच्या आपसातल्या आकर्षणातून, आणि जीसीच्या जोड्या शेजारणीला जास्त घट्ट धरतात. पाठ्यपुस्तकं हा भाग एका ओळीत उरकतात, याचं मला वाईट वाटतं.

पण पेशी म्हणजे परीक्षानळी नव्हे. पायरोकॉकस फ्युरिओसस १०० अंशांना सर्वांत जोमाने वाढतो, त्याचं जीसी ४१ टक्क्यांच्या घरात. मिथेनोकाल्डोकॉकस जॅनाशी ८५ अंशांना सुखात असतो, जीसी ३१ टक्के. उलट मातीत राहणारा स्ट्रेप्टोमायसीस सीलिकलर साध्या ३० अंशांना वाढतो आणि त्याचं जीसी ७२ टक्के आहे. (पहिल्या पावसात मातीला जो वास येतो तो देणारं जिओस्मिन याच कुळातले जीवाणू बनवतात.) गाल्तिए आणि लोब्री यांनी १९९७ साली अनेक जीवाणू व आर्किया (जीवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या कुळातले एकपेशीय जीव) यांची ही तुलना पद्धतशीर केली. संपूर्ण जीनोमचं (जीवाच्या सगळ्या डीएनएचं) जीसी आणि वाढीचं तापमान यांच्यात त्यांना संबंध सापडला नाही. प्रथिनं बनवायला लागणाऱ्या रायबोसोमल आणि ट्रान्सफर आरएनएच्या जोड्या असलेल्या भागांत मात्र तो ठळक दिसला. याला कारण आहे. हे आरएनए एकाच धाग्याचे. स्वतःवर दुमडून आकार टिकवायचा तर त्यांना स्वतःच्या जोड्यांवरच विसंबावं लागतं. डीएनएला बाकीची साथ मिळते: बंद वर्तुळाकार रचना, क्षार, पॉलिअमाइन, त्याला बिलगलेली प्रथिनं, आणि अतिउष्णताप्रेमी जीवांत रिव्हर्स गायरेज हे खास विकर. बंद वर्तुळाचे धागे १०० अंशांच्या वरही एकमेकांपासून सुटत नाहीत.

मग टक्का ठरतो कशाने? माझ्या मते या प्रश्नाकडे ‘या जीवाला जीसीचा फायदा काय’ असं पाहणंच चुकीच्या वाटेला नेतं. आधी पाहायला हवं की डीएनए बिघडतो कसा. सायटोसिन आपोआप अमिनो गट गमावतं आणि त्याचं युरॅसिल होतं. माणसाच्या एकेका पेशीत हे रोज शंभराहून जास्त वेळा घडतं. युरॅसिल डीएनएत परकं असल्याने दुरुस्ती यंत्रणा ते ओळखून काढते. निसटलंच तर पुढच्या प्रतीत तिथे टी, म्हणजे थायमिन, येतो. सायटोसिनवर मिथाइल गट असेल तर थेट थायमिनच तयार होतं. ते डीएनएतलंच अक्षर, त्यामुळे चूक पकडणं अवघड. म्हणूनच माणसाच्या जीनोममध्ये सी-नंतर-जी ही जोडी अपेक्षेच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकी उरली आहे. ग्वानिनचं ऑक्सिडीकरण झालं की ते ॲडेनिनशी जोडी जमवतं, म्हणजे पुन्हा एटीकडेच घसरण.

२०१० साली हर्शबर्ग आणि पेट्रोव यांनी टीबीच्या जीवाणूसह अनेक रोगकारक जीवाणूंमधल्या अगदी ताज्या म्युटेशन (डीएनएच्या अक्षरांतले बदल) तपासल्या, ज्यांवर नैसर्गिक निवडीची चाळणी अजून फारशी लागलेली नव्हती. जीसी भरपूर असलेल्या जीवाणूंतही कल एटीकडेच निघाला. मला हा निष्कर्ष या विषयातला सर्वांत मोलाचा वाटतो. याआधी सर्वमान्य समजूत अशी होती की जास्त जीसीच्या जीवाणूंत म्युटेशनच जीसीकडे झुकत असणार; सुएओका यांनी १९६२ पासून मांडलेला विचार त्याच दिशेचा होता. टीबीचा ६५.६ टक्के हा आकडा म्हणजे उताराविरुद्ध टिकवून धरलेली उंची आहे.

ती टिकवतं कोण? एक, दुरुस्ती यंत्रणा किती शाबूत आहे. दोन, जनुकांच्या अदलाबदलीत दोन धाग्यांची अक्षरं जुळली नाहीत तर दुरुस्ती जीसीच्या बाजूने जास्त वेळा होते. माणसात हा कौल साधारण दोन-तृतीयांश वेळा जीसीला मिळतो, आणि आपल्या गुणसूत्रांमधला फरक बराचसा यातूनच समजतो: १९ व्या गुणसूत्रात जीसी ४८ टक्के, ४ थ्यात ३८. तीन, नैसर्गिक निवड. टीबीच्या जीवाणूत अशी अदलाबदल आज जवळपास होतच नाही, त्यामुळे तिथे दुसऱ्या कारणावर फार भार टाकता येत नाही.

दुरुस्ती ढिली पडली की काय होतं हे पाहायचं तर कीटकांच्या पेशींत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे जीवाणू पाहा. सिलिड नावाच्या रसशोषक किडीतला कार्सोनेला: जीनोम फक्त १ लाख ६० हजार जोड्यांचा, जीसी १६.५ टक्के. दुरुस्तीची बहुतेक जनुकं गळून गेलेली आणि समष्टी लहान, म्हणून निवडही दुबळी. पण यावरून ‘लहान जीनोम म्हणजे कमी जीसी’ असा नियम पाठ करू नका. सिकाडामधला हॉजकिनिया कार्सोनेलापेक्षाही छोटा, १ लाख ४४ हजार जोड्यांचा, आणि त्याचं जीसी ५८ टक्के!

याचे परिणाम प्रथिनांपर्यंत पोचतात, तेही पाहून घ्या. कोडॉनच्या (एक अमिनो आम्ल सांगणाऱ्या तीन अक्षरांच्या) तिसऱ्या जागी बहुधा अक्षर बदललं तरी अमिनो आम्ल तेच राहतं, म्हणून ती जागा सर्वांत मोकळी. मुटो आणि ओसावा यांनी १९८७ साली दाखवलं की मायक्रोकॉकस ल्युटियसमध्ये एकूण जीसी ७४ टक्क्यांच्या आसपास, पण तिसऱ्या जागी ते सुमारे ९५ टक्के. कल जोरदार असेल तर अमिनो आम्लंही बदलतात. फाल्सिपॅरमच्या प्रथिनांत ॲस्परॅजिन आणि लायसिन यांची रेलचेल, कारण त्यांचे कोडॉन ए-ने भरलेले. टीबीच्या जीवाणूत ग्लायसिन, ॲलनिन भरपूर.

तुम्ही शेवटी विचारलंय की टीबीच्या नमुन्याचा पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत) वारंवार फसतोय, याचा जीसीशी संबंध आहे का. दाट शक्यता आहे. जीसीने भरलेला धागा नीट सुटत नाही, आणि सुटला तर स्वतःवरच दुमडतो. धागे सोडवण्याची पायरी (डिनेचरेशन) ९८ अंशांना करून पाहा (प्रती काढणारं विकर, पॉलिमरेज, ते सोसणारं हवं), धागे सुटायला मदत करणारी रसायनं, डीएमएसओ ३ ते ५ टक्के किंवा बीटेन, घाला. डीएमएसओने जोड्या सुटण्याचं तापमान खाली येतं, तेव्हा प्रायमर (जिथून प्रत सुरू होते तो डीएनएचा छोटा तुकडा) चिकटण्याचं तापमान दोन-तीन अंशांनी कमी करा. १० टक्क्यांपर्यंत जाऊ नका, तिथे टॅक हा नेहमीचा पॉलिमरेजच मंदावतो. प्रायमरच्या ३ प्राइम टोकाला जी-सीची लांब माळ ठेवू नका.

आणि प्रकल्पासाठी एक सुचवतो. एकूण टक्केवारीचा एकच आकडा काढून थांबू नका. एखाद-दोन हजार अक्षरांच्या खिडक्या सरकवत आलेख काढा, आणि कोडॉनच्या तिन्ही जागांचं जीसी वेगळं मोजा. फाल्सिपॅरम आणि व्हायवॅक्स यांची समान जनुकं शेजारी शेजारी ठेवली की पहिल्या दोन जागांपेक्षा तिसऱ्या जागी फरक किती उसळतो ते तुम्हाला स्वतःच दिसेल. आलेख तयार झाला की इथे नक्की टाका.